पनू, इकडे बघ

"रेफ्रीसाहेब, हा गोल परत एकदा घेता येईल का?"

हे मी कोल्हापुरात, भर मैदानात, फायनल चालू असताना विचारलं. तेही अगदी मनापासून. आमच्या वाघजाई तालमीच्या चिल्ल्यापिल्ल्यांनी गोल मारला, तेव्हा मी मान खाली घालून कॅमेऱ्यात नवा रोल भरत होतो. डोकं वर काढलं तर सगळी पेठ नाचत होती आणि बॉल जाळीत जाऊन पडला होता. फोटो हुकला. मग लग्नात मंगळसूत्राचा फोटो हुकला की मी जे करतो, तेच मी इथं केलं.

रेफ्री म्हणजे एका शाळेतले ड्रिलचे मास्तर होते. त्यांनी तोंडातली शिट्टी काढली आणि मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"फोटोवाले," ते म्हणाले, "लगीन न्हाई हे. लाईनीच्या भाईर व्हा."

आजूबाजूची माणसं पोट धरून हसली. मीही हसलो, पण मला त्यात हसण्यासारखं काय होतं ते नीटसं कळलं नव्हतं. तोवर मी लग्नांचे फोटो काढण्यात अर्धं आयुष्य घालवलं होतं आणि फोटोग्राफरचं ऐकत नाही असा माणूस मला भेटला नव्हता. मी हात वर केला की भटजी मंत्र थांबवायचे. नवरामुलगा जिलबीचा तुकडा नवरीच्या तोंडासमोर धरून हात भरून येईपर्यंत उभा राहायचा. एका पाठवणीत तर मी मुलीच्या आईला दोनदा रडायला लावलं होतं, कारण पहिल्या वेळी पदर मध्ये आला होता. दुसऱ्या वेळी त्या जास्त चांगल्या रडल्या. एवढी सत्ता हातात असलेल्या माणसाला एक गोल परत मागण्यात काय वावगं वाटणार?

त्यातून मला फुटबॉल कळत नव्हता. इतर गावांत ही गोष्ट कुणी मनावर घेत नाही. कोल्हापुरात, त्यातही तालमीच्या पेठेत, फुटबॉल न कळणारा पुरुष म्हणजे घरच्यांनी चारचौघांत विषय टाळावा असा प्रकार असतो. ऑफसाईड म्हणजे काय ते मला शेजाऱ्यांनी किती वेळा समजावून सांगितलं असेल, आणि मी दर वेळी मान हलवली असेल. मॅच असली की मी स्टुडिओत बसून अल्बम चिकटवायचो. त्या दिवशी मैदानावर गेलो तो एकाच कारणासाठी. आमच्या तालमीच्या गोलात माझी पोरगी उभी होती.

प्रणोती तिचं नाव. घरात पनू. तेव्हा ती आठ वर्षांची होती आणि पुढचे दोन दात पडलेले होते. गोलात ती पोचली ती माझ्यामुळेच, हे मला सांगायला हवं, कारण या गोष्टीत माझ्या वाट्याला एवढंच एक श्रेय येतं. तालमीचे दौलतआबा एके काळचे नावाजलेले खेळाडू. गुडघा कामातून गेला तेव्हापासून ते लंगडत लंगडत लहान पोरांना शिकवायचे. सगळ्या पोरांना गोल मारायचा होता. गोलात उभं राहायला कुणी तयार नव्हतं. जोरात बॉल आला की पोरं तोंड झाकून पळायची. पनू आपली कडेला उभी राहून बघत होती. एक बॉल थेट तिच्या अंगावर आला तरी ती हलली नाही. आबांना वाटलं, पोरगी वाघीण आहे.

वाघीणबिघीण काही नव्हती. तिला न हलण्याची सवय होती. ती जन्मल्यापासून मी तिला उभी करत आलो होतो. माझ्या स्टुडिओच्या काचेत ती टोपलीतलं बाळ होती, बाळकृष्ण होती, झाशीची राणी होती, कोळीण होती. "पनू, मान जरा वर. इकडे बघ," एवढं मी म्हटलं की ती हनुवटी उचलायची, खांदे सैल सोडायची, ओठ मिटून गोड हसायची आणि मी खटका दाबेपर्यंत पापणीसुद्धा हलवायची नाही. गिऱ्हाईकं आपल्या रडक्या पोरांना तिचा फोटो दाखवून गप्प बसवायची.

पण गोलात उभं राहिल्यावर ती हलायला लागली. एकदा बॉल तिच्या हाताला लागून बाहेर गेला आणि पोरांनी तिच्या नावानं आरडाओरडा केला, तेव्हापासून ती बदललीच. मातीत लोळायला लागली. गुडघे सोलून घ्यायला लागली. दिवाळीला मी तिच्यासाठी नऊवारी आणि नथ आणली, काचेतल्या नव्या फोटोसाठी. तर ती म्हणाली, आज प्रॅक्टिस आहे. मला त्याचा जरा रागच आला होता.

तालमीच्या हॉलमध्ये एक भिंत आहे. आधी मिशांना पीळ दिलेले पैलवान, मग अर्ध्या चड्डीतले फुटबॉलवाले, कप आणलेल्या प्रत्येक टीमचा फोटो तिथं लागतो. कप नाही तर फोटो नाही, मग तुम्ही कुणीही असा. पनूनं ती भिंत या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितली आणि आबांना विचारलं, इथं मुलींचे लागत नाहीत का? आबांनीही जणू पहिल्यांदाच नीट बघितलं.

"एक बी न्हाई," ते म्हणाले. "तू आण की कप. तुझा लावू."

तिनं लगेच हातोडी मागितली. आबांनी दिली. हातोडी जोरात मारता येईल अशा, स्वतःच्या छातीच्या उंचीवर, म्हणजे मोठ्या माणसाच्या कमरेपाशी, तिनं एक खिळा ठोकला. तो वाकडा गेला, पण बसला. दुसऱ्या दिवशी सगळ्या शाळेला माहीत झालं की सरनाईकांच्या प्रणोतीचा फोटो तालमीच्या भिंतीवर लागणार आहे. मला आबांनी बजावून सांगितलं की फायनलचे फोटो तुम्हीच काढायचे. तिच्याइतकाच मीही हुरळलो. माझ्या पोरीचा, मी काढलेला फोटो, पैलवानांच्या शेजारी.

तर तो फायनलचा दिवस. समोर तुफान मंडळाची पोरं होती. आम्ही एका गोलानं पुढे होतो, आणि तो गोल कसा झाला हे मी सोडून सगळ्यांनी बघितलं होतं. दुसऱ्या हाफमध्ये मी शहाण्यासारखा पनूच्या गोलाच्या खांबाशी जाऊन बसलो. रोल भरलेला, बोट खटक्यावर. पण पोरं एका जागी थांबतील तर शपथ. बॉल जिकडे तिकडे अख्खा घोळका. मी कॅमेरा डोळ्याला लावावा आणि समोर नुसती धूळ दिसावी. दहा मिनिटांत मी घोळक्याचे, धुळीचे आणि एका कुत्र्याचे भरपूर फोटो काढले.

मॅच संपत आली तेव्हा तुफानवाल्यांनी गोल फेडला. त्यात पनूचा काही दोष नव्हता. बॉल आमच्याच एका पोराच्या पायाला लागून फिरला होता. माझ्या शेजारच्या माणसानं मला धीर दिला. म्हणाला, लहान गटात बरोबरी झाली तर कप दोघांत वाटून देतात, सहा महिने त्यांच्याकडे, सहा महिने आपल्याकडे. म्हणजे फोटो लागणारच. मी सुस्कारा सोडला. तेवढ्यात आमच्या बचावातल्या एका पोरानं अंगावर येणारा बॉल घाबरून हातानं धरला, अगदी आईनं बाळ धरावं तसा, आणि रेफ्रींनी बोट गोलासमोरच्या चुन्याच्या ठिपक्याकडे दाखवलं. पेनल्टी.

मैदान एकदम गप्प झालं. घोळका मागे सरला. तुफानचा एक हडकुळा पोरगा बॉल ठेवून चार पावलं मागे गेला. गोलात एकटी पनू, गुडघे वाकवलेले, हात पसरलेले, नजर बॉलवर. आणि मला एकदम हायसं वाटलं. इतक्या वेळात पहिल्यांदा सगळे आपापल्या जागी उभे होते. हा माझ्या धंद्यातला प्रसंग होता. हा मला कळत होता.

मी कॅमेरा लावला. ऊन तिरपं, सोनेरी, अगदी हवं तसं. फक्त पनूची मान खाली होती आणि कपाळावरच्या बटांची सावली तोंडावर पडली होती. फोटो काळा आला असता.

"पनू," मी म्हणालो, "मान जरा वर. इकडे बघ."

ओरडलो नाही. स्टुडिओत म्हणतो तसं, हलक्या आवाजात म्हणालो. तिनं हनुवटी उचलली. खांदे सैल सोडले. माझ्याकडे वळली आणि पडलेले दात दिसू नयेत म्हणून ओठ मिटून हसली. मी खटका दाबला. बॉल तिच्या बाजूनं रमतगमत आत गेला. नंतर जाणकार म्हणायचे की तो बॉल तिनं डोळे झाकूनसुद्धा अडवला असता.

पहिल्यांदा तुफानवाले ओरडले. मग काय झालं ते आमच्या लोकांना कळलं, आणि ते माझ्याकडे बघायला लागले. मी कॅमेरा गळ्यात लोंबकळत ठेवून मैदानात धावलो, थेट रेफ्रींसमोर.

"साहेब, परत एकदा घ्या. चूक माझी आहे. पोरीची नाही. परत एकदा घ्या."

या वेळी कुणी हसलं नाही. मास्तरांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्यांनाही लेकरंबाळं असावीत.

"बोललं कोण? तुमचाच माणूस," ते हळू आवाजात म्हणाले. "त्याचा फायदा तुमास्नीच कसा देऊ, सांगा. त्या पोरानं काय केलंय?"

त्या पोरानं काहीच केलं नव्हतं. आबा रेफ्रींशी भांडले नाहीत. ते लंगडत गोलापाशी गेले, पनूच्या डोक्यावर हात ठेवला आणि तिनं जाळीतून आणलेला बॉल तिच्या हातातून काढून घेतला.

कप तुफानवाल्यांकडे गेला. पनू रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं. स्कूटरवर ती पुढे उभी राहिली, हँडल धरून, नेहमीसारखी. चौक गेला, मंडई गेली. मग मान न वळवता तिनं विचारलं, "पप्पा, फोटो चांगला आला?"

मी म्हणालो, धुऊन आल्यावर कळेल.

घरी पोचेपर्यंत बातमी आमच्या आधी पोचली होती. सुलक्षणानं, माझ्या बायकोनं, पोरीचे गुडघे धुतले, हळद लावली, तिला जेवायला घातलं. माझ्या पुढ्यात ताट सरकवलं तेव्हा ती फक्त एवढंच म्हणाली, "तिच्याकडे बघितलं की तुम्हाला नुसता फोटोच दिसतो का हो?" मी आमटीत भाकरी कुस्करत राहिलो. त्या दिवशी ती भाकरी काही संपली नाही.

पेठेनं मला सोडलं नाही, आणि का सोडावं? पानपट्टीवरून जाताना कुणीतरी हमखास म्हणायचं, "उत्तमराव, इकडे बघा." एका लग्नात मी नातेवाइकांना ओळीत उभं केलं, इकडे बघा म्हणालो, आणि पेठेतले झाडून सगळे पुरुष ठरवल्यासारखे तिकडे बघायला लागले. नवरदेवसुद्धा. लॅबमधून प्रिंट आल्या तेव्हा लॅबवाल्यानं त्यातली एक वर काढून ठेवली होती. म्हणाला, ही स्पर्धेला पाठवा. तोच फोटो. सोनेरी ऊन, हसरी पनू, मागे बॉल मारून जागीच उभा राहिलेला हडकुळा पोरगा, आणि तिच्या कोपराशेजारी, किंचित पुसट, चुन्याच्या रेषेवर आलेला बॉल. इतका चांगला फोटो मी आधी कधी काढला नव्हता. मी तो ड्रॉवरमध्ये पालथा घालून ठेवला.

मग एक दिवस दौलतआबा स्टुडिओत आले. मला वाटलं, आता चपलेनं मारतात. ते पासपोर्ट फोटोच्या स्टुलावर बसले, गुडघा चोळला आणि म्हणाले, "उद्यापास्नं सकाळी मैदानावर यायचं. कॅमेरा घिऊन."

"रोल कुठला आणू?"

"रोल नगं. तोंड आणा."

दुसऱ्या दिवशी सकाळी मला माझी नेमणूक कळली. पनू गोलात. आबा समोरून चांगल्या पायानं बॉल मारणार. मी खांबाशी रिकामा कॅमेरा लावून बसायचं, आणि आबांनी पाय उचलला की म्हणायचं, पनू, मान जरा वर, इकडे बघ.

मी म्हणालो. तिनं बघितलं. बॉल पोटात बसला आणि ती मटकन खाली बसली. मी उठलो, तर आबांनी हातानंच खाली बस म्हणून सांगितलं. पुन्हा म्हणालो. पुन्हा बघितलं. बॉल कानाला लागला. पहिल्या सकाळी ती दर वेळी बघत होती. पहिल्यांदा तिला हसू येत होतं, मग स्वतःचा राग यायला लागला, मग माझा. "पप्पा, तू नको ना म्हणू," ती ओरडली. पण मी म्हणावं यासाठीच तर मला बोलावलं होतं. आयुष्यात इतकी हुकमी मॉडेल कुणा फोटोग्राफरला मिळाली नसेल, आणि मी तिला घडवली होती.

रोज सकाळी हाच उद्योग. दूधवाले, फिरायला आलेले म्हातारे कडेला उभे राहून बघायचे. मी पुटपुटल्यासारखं म्हणायला लागलो, म्हणजे तिला ऐकू जाणार नाही. आबांच्या ते लक्षात आलं.

"असं मेल्यावानी नगा म्हनू," ते म्हणाले. "दुकानात म्हनता तसं. मायेनं म्हना."

मग मी मायेनं म्हणायला लागलो. जितकं मायेनं म्हणावं तितका बॉल जोरात लागायचा. घरी मी तिच्याशी बोलताना 'इकडे' हा शब्दच टाळायला लागलो. काचेतले तिचे फोटो मी काढून आत ठेवले आणि तिथं एका आमदाराच्या भाच्याचा वाढदिवस लावला.

हळूहळू तिचं बघणं कमी झालं. आधी मान वळायची, नंतर नुसते डोळे वळायला लागले. मग डोळेही हलेनात, फक्त भुवई जराशी उडायची. ते माझ्याशिवाय कुणाला दिसलं नसतं. मी तो चेहरा जन्मापासून भिंगातून बघत आलेला बाप होतो. आणि एका सकाळी, गवतावर दव होतं, आबांनी पाय उचलला आणि मी होतं नव्हतं ते सगळं आवाजात घालून म्हणालो, "पनू, मान जरा वर. इकडे बघ."

काहीच झालं नाही. भुवईसुद्धा नाही. तिनं झेप घेतली, बॉल छातीशी धरला, मातीत दोन कोलांट्या खाल्ल्या आणि उठून आबांकडे फेकला.

"जमलं," आबा म्हणाले.

दूधवाल्यानं टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. पनू आपल्या जागेवर जाऊन पुन्हा वाकून उभी राहिली, पुढच्या बॉलची वाट बघत. तिनं झेप घेतल्यावरही माझ्याकडे बघितलं नव्हतं. मला इतका आनंद झाला होता की रडू येत होतं, आणि रडू नुसतं आनंदाचं नव्हतं. मी रिकाम्या कॅमेऱ्याची झाकणी लावली.

पुढच्या वर्षी त्यांनी कप आणला. कसा ते मला सांगता येणार नाही, कारण आबांच्या हुकमावरून मी मैदानाच्या भिंतीबाहेर, उसाच्या रसाच्या गाड्यापाशी बसलो होतो. ओरडा झाला की मी रसवाल्याला विचारायचो, आपला का त्यांचा? शेवटचा ओरडा थांबेचना, तेव्हा एक माणूस धावत आला आणि म्हणाला, चला, फोटोला बोलावलंय.

पोरं दोन ओळींत बसली होती. मधोमध पनू, मांडीवर कप, नवे आलेले दात, गालावर माती. मी कॅमेरा लावला. सगळे माझ्याकडे बघत होते. पनू सोडून. माझ्या मागे, खांद्यापलीकडे, दौलतआबा उभे होते आणि सवयीनं पायाखाली बॉल घोळवत होते. तिची नजर त्या बॉलवर होती.

शब्द ओठांपर्यंत आले. तेवढे म्हटले असते तर कदाचित, त्या एका दिवसापुरतं, तिनं बघितलंही असतं. मी म्हणालो नाही. खटका दाबला.

आता प्रणोती स्वतः त्या मैदानावर लहान पोरींना शिकवते आणि मला मॅचला आत येऊ देते. मैदानावरचे तिचे फोटो मी पोत्यानं काढले आहेत. एकाही फोटोत ती माझ्याकडे बघत नाही. बघते ती फक्त ड्रॉवरमधल्या फोटोत.

तालमीतला फोटो अजून त्याच वाकड्या खिळ्यावर आहे, कमरेइतक्या उंचीवर. तो बघायला मोठ्या माणसांना वाकावं लागतं. नवीन माणूस आला की वाकतो, बघतो, आणि मी जवळ असलो तर हमखास सांगतो, सगळ्यांचा झकास आलाय, नेमका तुमच्याच पोरीचा बिघडला. इकडे बघ म्हणाला न्हाईसा व्हय?

मी म्हणतो, राहून गेलं.